मोजणी

सतरा नंबरचं एचएमटी घड्याळ
जूनमध्ये मनगटावर होतं.
ऑगस्टमध्ये ते कोपराकडे निघालं.
आता कार्तिकात हौसाबाईंच्या पिशवीत आहे,
किल्लीवाचून बंद,
सव्वाबारावर.

पाच महिन्यांत तिसरी भरती.
पहिल्यांदा चालत आले, रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडून.
मग व्हीलचेअर.
या वेळी स्ट्रेचर, आणि भांडण नाही.
हे केसपेपरवर कुठे लिहायचं
ते अठरा वर्षांच्या नोकरीत मला कुणी सांगितलेलं नाही.
बीपीला रकाना आहे. लघवीला आहे.

निवृत्ती दोंदे, वय एकाहत्तर,
नाशिकरोडला प्रेसमध्ये चौतीस वर्षं तपासनीस.
नोटांचं शीट उजेडात धरायचं,
शाई फुटली, आकडा सरकला, की लाल पेन्सिलीचा फराटा.
"सिस्टर, कोट्यवधी गेले या हातातून
आणि चहाला पैसे मागायचो बायकोकडे."
हा विनोद जूनमध्ये त्यांनी तीनदा केला,
मी तिन्ही वेळा हसले.
आता रात्री दोननंतर
त्यांची बोटं ब्लँकेटची किनार मोजतात.
अंगठा जिभेला लावायचा, जीभ कोरडी,
तरी उलटायचं, मोजायचं,
एखादं न पटलेलं बाजूला ठेवायचं.

डॉक्टर बोरस्ते सकाळी आले.
भला मुलगा, दोन दिवस झोपलेला नाही.
लिहिलं: रक्त पुन्हा, सीटी पुन्हा, नळी पुन्हा.
"पुन्हा" त्यांच्या अक्षरात फार सुंदर येतो.
मी ट्रे घेऊन उभी. म्हटलं, सर,
हे येत्या संक्रांतीला नसले
तर तुम्हाला नवल वाटेल?

पेन थांबलं.
तिकडे प्रेसचा भोंगा झाला,
सतरा नंबरची मान जराशी वळली, सवयीने.
डॉक्टरांनी खुर्ची ओढली.
ती नातेवाइकांची खुर्ची,
राउंडला तिच्यावर बसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.
"बाबा, कुठे दुखतंय?"
आणि नऊ दिवस मला "बरंय" म्हणणारा हा माणूस
म्हणाला, सगळीकडे. पाठीत तर तापलेली सळई.
सांगितलं नाही हो,
तुम्ही सगळे इतके धावपळीत.

मुलगा ओझरच्या कारखान्यातून थेट आला,
बाहीला ऑइल.
"म्हणजे आता काही करायचं नाही?"
हा प्रश्न मला भिंतीसारखा ठाऊक आहे,
अंधारात डोकं आपटून.
बस म्हटलं. करायचं इतकं आहे की तुला रजा काढावी लागेल.
मॉर्फिन, दर चार तासांनी,
दुखून ओरडायची वाट न बघता.
त्याने पोट बांधतं, त्याचं औषध बरोबरच.
दोन तासांनी कूस. ओठांना ओला बोळा.
आणि यांना काय हवंय, ते विचार.
अजून कुणीच विचारलेलं नाही,
मीसुद्धा नाही.

त्याने विचारलं, कानाशी, मोठ्याने,
जसा काही बाप बहिरा झालाय.
"चिवडा."
बाबा, गिळता येत नाही तुम्हाला.
"गिळतंय कोण? मीठ लागू दे जिभेला."
मग बऱ्याच वेळाने,
"आणि घड्याळाला किल्ली दे, गाढवा."

त्या रात्री दोनला फेरीला गेले,
बॅटरी तळहाताआड धरून.
बोटं किनारीवर होती, मोजत नव्हती.
ओठाच्या कोपऱ्यात हळदीचा कण.
खाली सतरंजीवर हौसाबाई जाग्या,
घड्याळ त्यांच्या हातात, त्यांनाही सैल.
काटा कुठे आला की हाक मारायची
ते मुलाने दाखवून ठेवलंय.

केसपेपर उजेडात धरला.
तीनपैकी दोन "पुन्हा" खोडलेले, खाली सही.
तिसरा अजून तसाच.
त्याचं सकाळी बघते.